फेरात बसवलेली कविता

मी मराठी शिकवते आणि मला राग लवकर येतो. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही असं मी म्हणते, आहे असं माझा नवरा म्हणतो. त्याचं काय जातं? तो खोपोलीला एका कारखान्यात यंत्रांपाशी असतो. यंत्रं काही हात वर करून विचारत नाहीत की मॅडम, ही कविता पाठ करायचीच आहे का.

मी पाठ करायलाच लावते. पुस्तकातल्या कविता तर लावतेच, वर आमच्या वेळच्या जुन्या पुस्तकांतल्या घालते, वृत्तातल्या, यमकाच्या. परीक्षेला नसतात म्हणून पोरी कुरकुरतात. मी म्हणते, परीक्षा संपेल, कविता राहील. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की मागच्या बाकावरच्या माझ्याबरोबर ओठ हलवतात.

शाळा कशेळ्याला आहे. आमचं गाव कशेळे आणि पोशीरच्या मध्ये, रस्त्यापासून जरा आत. आमच्या गावातल्या आणि शेजारच्या दोन वाड्यांतल्या मिळून तेरा पोरी आणि मी, सकाळी एकाच जीपने जातो आणि संध्याकाळी त्याच जीपने येतो. त्या जीपमध्ये एकूण किती माणसं मावतात ते मी इथे लिहीत नाही, उगाच जीपवाल्याला त्रास.

माझ्या सासूला मी आत्या म्हणते. गाव तिला ओळखतं ते फेरासाठी. आमच्याकडे नागपंचमीपासून गौरी जाईपर्यंत बाया अंगणात गोल धरून नाचतात, त्याला फेर म्हणायचं. एक बाई गाण्याची ओळ सांगते, बाकीच्या तीच ओळ उचलून म्हणतात आणि पावलं टाकतात. सांगणारी एकच. आमच्या गावात ती आत्या, लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. ती शाळेत गेलेली नाही. तिला गाणी किती येतात हे मी एकदा वही घेऊन मोजायला बसले होते, तर म्हणाली, वही ठेव अन् भांडी घास.

गेल्या वर्षी फेराला आठ बाया उरल्या होत्या. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, दोघींचे गुडघे गेलेले. यंदा नागपंचमीला सहाच आल्या. त्या संध्याकाळी आत्या घरी आली, झांज खुंटीला अडकवली आणि पाय धुता धुता अगदी साध्या आवाजात बोलली.

“गौरीला गोल भरला तर भरला. नाय भरला तर म्या परत सांगनार नाय. सहा बायांचा फेर व्हत नाय, नुसती चक्कर व्हते.”

दुसरी कुणी असती तर मी म्हटलं असतं, बोलते रागाच्या भरात. पण आत्या धमकी देत नाही. चहा सोडते म्हणाली त्या दिवशी तिने चहा सोडला, आजतागायत घेतलेला नाही. पन्नास वर्षं जी बाई भाद्रपदाची वाट बघत आली, ती पुढच्या भाद्रपदात ओट्यावर गप्प बसून राहणार, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. मी तडक म्हणून टाकलं, आत्या, गोल मी भरून देते. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी धरण बांधून देते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मी पोरींना धारेवर धरलं. मंडळाच्या गणपतीपुढे डीजे लागला की तुम्ही दोन दोन तास नाचता, मग फेराला काय काटे टोचतात? सगळ्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. शेवटी वर्गातली सगळ्यात बडबडी होती ती म्हणाली, “मॅडम, ती गाणी आम्हाला येत नाहीत. मधेच तोंड बंद पडतं नं, मग सगळ्या बाया आमच्याकडंच बघतात. डीजेला तोंड उघडावंच लागत नाय.”

म्हणजे लाज नाचायची नव्हतीच. मी इतकी वर्षं यांना शिकवते आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसले म्हणून पोरी घाबरल्या.

तो आठवडा चाचणीचा होता. परतताना पोरी कविता घोकत होत्या, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर जीप जशी आपटत होती तशी त्यांची कविता आपोआप ठेका धरत होती. एकीने दप्तरावर थाप मारली, दुसरीने टपावर. जीपवाल्याने त्याचं गाणं बंद केलं. मी मागे वळून बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. यांना गाणी येत नाहीत, पण कविता येतात. तेरा जणींना, अथपासून इतिपर्यंत, माझ्या कृपेने. फक्त त्या कविता फेराच्या चालीत बसवायच्या.

आता हे म्हणणं सोपं आहे. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या पडवीत आम्ही सुरुवात केली ती माझ्या हट्टाने शार्दूलविक्रीडितापासून, कारण ते मला आवडतं. एकोणीस अक्षरांची ओळ. बाराव्या अक्षरावर थांबून श्वास घ्यायचा, तर नेमकं तेव्हाच फेरात खाली वाकायचं असतं. वाकलेल्या पोरीला श्वास घेता येत नाही आणि श्वास घेणारीला वाकता येत नाही. दोघी एकमेकींच्या डोक्यावर आपटल्या. मग भुजंगप्रयात घेतलं. ते कानाला इतकं गोड की मी खूश. पण ते चालतं पाच पाच मात्रांनी आणि पावलं पडतात चार चार. तिसऱ्या फेरीला सगळ्यांचा डावा पाय उजव्याच्या जागी. मुख्याध्यापक खिडकीतून बघून गेले. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं की स्नेहसंमेलन तर जानेवारीत असतं ना.

शेवटी पादाकुलकाने तारलं. सोळा मात्रांची ओळ. फेरात आठ पावलं आत जायचं, आठ पावलं मागे यायचं. एका ओळीत आत-बाहेर पूर्ण. पहिल्यांदा जेव्हा तेरा जणी एका दमात आत गेल्या आणि ओळीच्या शेवटच्या अक्षरावर जागच्या जागी परत आल्या, तेव्हा मला वर्गात कधी होत नाही इतका आनंद झाला. मी टाळ्या वाजवल्या. पोरींनी एकमेकींकडे बघितलं, कारण मी टाळ्या वाजवत नाही.

कविता निवडली ती एका जुन्या कवीची, मी स्वतः सातवीत शिकलेली. कवी नदीच्या काठावर उभा आहे आणि तिला म्हणतो आहे, इतकी घाई कशाला, अजून ऊन आहे, काठावर गुरं चरतायत, जायचं तर आहेच तुला, पण वळणावर एकदा मागे बघून जा. एवढंच. चार कडवी. मला ती लहानपणापासून आवडते आणि का आवडते ते मुलांना समजावताना मी दरवर्षी फसते.

आणि चाल. चाल मी माझ्या माहेरची लावली. माझं माहेर खालापूरच्या बाजूला, टोलनाका ओलांडून आत. आमच्याकडे गौर आणायला पोरी विहिरीवर जातात, तेरड्याच्या रोपांची जुडी कडेवर घेऊन येतात, आणि विहिरीपासून उंबऱ्यापर्यंत एकच चाल चालू असते. ती चाल माझ्या अंगात आहे. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. इथे सासरी तेरडाच आणतात, मुखवटा आणि साडीही तशीच, मग चाल तेवढी वेगळी कशाला असेल, असं मी धरून चालले. विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला विचारायचंच नव्हतं. आत्याला चकित करायचं होतं. अठरा वर्षं तिच्या हाताखाली वावरल्यावर एक गोष्ट अशी हवी होती की जी मी केली आणि तिने बघत राहावं.

गौरी आल्या त्या दुपारी आमचं अंगण भरलं. तेराच्या तेरा पोरी आल्या, आयांच्या साड्या नेसून, पिना लावून लावून. त्यांना बघायला त्यांच्या आया आल्या, आयांबरोबर काकवा, मावश्या. गोल धरला तर अंगणात मावेना, तुळस मध्ये घ्यावी लागली. आत्याने गौरीला पाटावर बसवलं, बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिचा चेहरा मी बघत होते. तिने पदराने तोंड पुसलं आणि झांज हातात घेतली.

दोन गाणी तिने सांगितली. पोरी अडखळत होत्या पण हसत होत्या. मग मी पुढे झाले आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, आता आमच्या पोरी म्हणतील. बडबडीने सुरुवात केली, बाकीच्यांनी उचलली. पहिली ओळ झकास. बाया कौतुकाने टाळ्या द्यायला लागल्या. दुसऱ्या ओळीला समोरच्या म्हातारीची टाळी थांबली. मग तिच्या शेजारणीची. मग एक एक करत सगळ्या आयांची. मला वाटलं, पोरींचं गाणं ऐकायला थांबल्या. मी अजूनच खूश झाले.

तेवढ्यात आमच्या वरच्या घरातल्या चुलतसासू, ज्यांना अख्खं गाव काकी म्हणतं आणि ज्या एरवी भिंतीला धरून चालतात, त्या तरातरा उठल्या, घरात शिरल्या आणि त्यांनी गौरीच्या मुखवट्याचे दोन्ही कान आपल्या तळव्यांनी घट्ट दाबून धरले. तिथूनच त्या बाहेर बघून बोलल्या.

“आताच आली नं गं ती. पाटावं धड टेकली नाय, अन् तुमी तिला नदीवं घालवताय व्हय?”

मला काही कळेना. शेजारणीने माझ्या दंडाला धरून हळूच सांगितलं, की ही चाल पाठवणीची. तिसऱ्या दिवशी गौर उचलून नदीवर नेताना म्हणायची. एरवी वर्षभर या गावात ती चाल कुणी गुणगुणतसुद्धा नाही. पोरी दरवर्षी नदीवर जातात, पण ताशापुढे नाचत, फेराकडे त्यांचं लक्ष कुठे? माझ्या माहेरी ज्या चालीवर गौर घरात येते, त्याच चालीवर इथे ती घराबाहेर जाते. मधे अंतर किती, तर स्कूटरने तासभराचं.

पोरी थांबल्या. एक रडायलाच लागली. आत्याने लगेच झांज वाजवून गौरीच्या आगमनाचं गाणं चढ्या आवाजात सुरू केलं, आधीचं ऐकू आलं असेल तर झाकून जावं म्हणून. पण गोल मोडला होता. पोरी भिंतीला लागून उभ्या राहिल्या, आया त्यांना घेऊन निघाल्या, आणि तुळशीभोवती परत त्याच जुन्या बाया उरल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर तीन आयांचे निरोप आले की मॅडम, आमची पोरगी परत फेराला यायची नाही, आधीच घरचे बोलतायत. मी फोन उलटा ठेवला आणि माहेरी फोन लावून सांगितलं की उद्या मी पहाटेच निघते. दर वर्षी तिसऱ्या दिवशी मी माहेरीच जाते. आई एकटी असायची, तिकडची गौर बोळवायला हात लागायचे. दोन वर्षांपूर्वी भावाचं लग्न झालं आणि वहिनी म्हणाली, ताई, तुम्ही आता धावपळ नका करू, मी आहे ना. मला ते झोंबलं होतं. तरी गेल्या वर्षीही मी गेले आणि पाहुणीसारखी खाटेवर बसून चहा पिऊन आले. यंदा मात्र मला तोंड लपवायला जागा हवी होती.

मग नैवेद्याच्या भाज्या करायला आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. आत्या भोपळा चिरत होती, मी अळू. मला आधी स्वतःचाच राग येत होता, मग हळूहळू तो आत्याकडे वळला, माझा राग असाच आहे, घरातल्या घरात फिरतो. मी म्हणाले, आत्या, अठरा वर्षांत कुणी एकदा तरी मला सांगायचं होतं की ही चाल जाण्याची आहे.

“अठरा वर्सांत तू येकदा तरी तिसऱ्या दिवशी हितं व्हतीस?”

ती रागावून नव्हती बोलली. भोपळ्याकडे बघून बोलली. मग म्हणाली की दर वर्षी नदीवर बाया विचारतात, सून कुठं हाय, आणि ती सांगते, गेली तिच्या आयशीकडं, एकटी हाय बिचारी. इतकंच. अठरा वर्षांत हे तिने मला कधी ऐकवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अळू खाजतंय म्हणाले. ती म्हणाली, अळू हातांना खाजतं.

थोड्या वेळाने तिने विळी बाजूला सारली.

“त्या पोरी काय म्हनत व्हत्या, ते शब्द परत म्हन बघू. चाल नको, नुसते शब्द.”

मी म्हटले. तिने परत म्हणायला लावले. तिसऱ्यांदा म्हटले तेव्हा तिचं बोट पाटावर आपोआप पडायला लागलं. दोन शब्दांचे अर्थ तिने विचारले. मग विचारलं, कुणी रचलंय. मी म्हटलं, एक कवी होते, खूप जुने, आता नाहीत. बापय होता का, म्हणजे पुरुष, तिने विचारलं. हो म्हटलं. बापयाला बरं कळलं, असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि परत भोपळा पुढे ओढला.

“ह्ये नदीलाच सांगतंय नं? मग आल्या दिवशी कसं चालंल? ह्ये नदीवं म्हनायचं. चाल बरोबर हाय, शब्द बरोबर हायत. दीस चुकला तुजा.”

वीस वर्षं मी ती कविता शिकवते, अलंकार दाखवते, वृत्त मोजून घेते. ही कविता म्हणजे निरोप आहे, आणि म्हणून ती मला आवडते, हे मला त्या दिवशी भाज्या चिरताना कळलं. मी आत्याला म्हटलं की पण आता उपयोग काय, पोरींच्या आया त्यांना गोलात पाऊल टाकू द्यायच्या नाहीत, अपशकुन म्हणतायत सगळ्या. आत्याने हात पुसले आणि म्हणाली, चल काकीकडं.

काकी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला आधी मनसोक्त बोलून घेतलं. शिकलेल्या बाया, पुस्तकं वाचतात, आणि पाहुणीला दारातून परत लावतात. मी मान खाली घालून ऐकलं. मग आत्याने त्यांना सगळं सांगितलं आणि मला कविता म्हणायला लावली. काकींनी डोळे मिटून ऐकली. आणि अपशकुनाचं विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे, मी ढ असल्यासारखं बघितलं.

“आगं, मी कान झाकले व्हते नं तिचे? तिनी ऐकलंच नाय. मग कसला अपशकुन?”

मी आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या युक्तिवादांत हा सर्वांत पक्का आहे. संध्याकाळपर्यंत काकी काठी टेकत घराघरांतून फिरल्या आणि प्रत्येक ओट्यावर हेच सांगून आल्या. गौरीने ऐकलंच नाही. कुणाची बिशाद होती नाही म्हणायची? कान झाकताना सगळ्यांनीच बघितलं होतं.

माहेरी मी फोन केला की उद्या येत नाही. वहिनीने घाईघाईने आईकडे दिला. आई म्हणाली, बरं झालं, मीच तुला सांगणार होते, यंदा तिकडंच थांब म्हणून. मला जरा रागच आला. मग हसू आलं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता गाव नदीवर निघालं. घरोघरच्या गौरी डोक्यावर, मागे गणपती, पुढे मंडळाचा ताशा. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या वाटेवरून गौरीबरोबर चालत होते, आणि तिथे बांधावरून उतरताना कुठे घसरतं हे लहान पोरींना माहीत होतं, मला नव्हतं. काठावर सगळ्या गौरी ओळीने मांडल्या, प्रत्येकीपुढे दहीभाताची शिदोरी. आत्याने पदर कमरेला घट्ट खोचला आणि गोल धरायला हाक दिली. जुन्या बाया उभ्या राहिल्या. पोरी आयांच्या मागे लपून बघत होत्या.

आत्याने पाठवणीची चाल लावली. आपल्या जुन्या गाण्याची दोन कडवी तिने सांगितली, ती थांबली आणि माझ्याकडे बघून मानेने खूण केली. सांग. रोज साठ पोरांपुढे मी घसा फोडते. तिथे मात्र पहिली ओळ अशी बारीक निघाली की मलाच कशीबशी ऐकू आली. पण बडबडीला ऐकू आली. तिने आईचा हात सोडला, पुढे आली आणि ओळ उचलली. तिच्यामागे दुसरी आली. मग त्या तेराच्या तेरा आल्या, आठ पावलं आत, आठ बाहेर, एकाही पोरीचं तोंड बंद पडलं नाही. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या आया शिरल्या. आयांना कविता येत नव्हती, पण फेरात यावी लागतच नाही. एक जण सांगते, बाकीच्या म्हणतात, तिसऱ्या फेरीला सगळ्यांना आलेली असते. गोल वाढत वाढत चिखलात गेला. मला बाया मोजायच्या होत्या, पण सांगायचं की मोजायचं?

चौथं कडवं संपलं. आता आत्या पुढचं गाणं घेईल म्हणून मी तिच्या जागेकडे बघितलं तर ती तिथे नव्हती. झांज काकींच्या मांडीवर होती. आत्या समोर गोलात होती, आठवीतल्या दोन पोरींच्या मधे, त्यांचे हात धरून. मी थांबले. टाळ्या आणि पावलं तेवढी चालू राहिली. गोलाच्या त्या टोकाकडून ती माझ्यावर ओरडली.

“थांबलीस कशाला? सांग की. पन्नास वर्सं झाली गं, मला कुनी गानं सांगितलंच नाय.”

त्या चालीत बसवलेली माझ्याकडे ती एकच कविता होती. मी ती पहिल्या ओळीपासून परत सांगायला लागले, आणि आत्या माझ्यामागून म्हणत गेली.